सरकता सिग्नल

उद्यमबागेत, हलगेकरांच्या बंद फाउंड्रीच्या शेडमध्ये
पोरांनी हॅकर मेळावा भरवलाय.
जिथं भट्टी पेटायची तिथं प्रोजेक्टर.
प्रत्येकाच्या गळ्यात सर्किटची हिरवी पट्टी, लुकलुकणारी.
कुणी किल्लीवाचून कुलपं उघडतंय,
कुणी स्वतःच्याच फोनला फसवतंय.
मला कोपऱ्यातलं टेबल, मोल्डिंगच्या वाळूशेजारी.
पाटी दोन लिप्यांत: हॅम रेडिओ.
दुपारपर्यंत तिघं आले. दोघांना चार्जिंगचा प्लग हवा होता.

तिसरी सहना, मुडलगीची.
म्हणाली, सर, ह्याला पासवर्ड नसतो?
नसतो बाई. जे बोलायचं ते उघड्यावर,
आपलं नाव सांगून. परवान्याची अटच तशी.
ती हसली. त्या अख्ख्या मेळाव्यात
हेच बहुधा तिला सगळ्यात अजब वाटलं.

सेट घरचा, ब्याण्णव सालचा.
कॉइल पीव्हीसीच्या पाइपवर, लेथला लावून गुंडाळलेली,
मोर्सची कळ हॅक्सॉच्या तुटक्या पात्याची.
पाच वॅट. सायकलच्या दिव्याएवढा जीव.
तार बांधली क्रेनच्या गर्डरपासून बाहेरच्या निलगिरीपर्यंत
आणि कळ दाबली.
फैयाजच्या लॅपटॉपवर, निळ्या पडद्यातून
माझी रेघ खाली उतरू लागली, पिवळी, तुटक.
तीस वर्षं जे कानानं ओळखलं
ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.
सरळ नव्हती.
वाऱ्यानं ओळंबा हलावा तशी डावीकडे कलत चाललेली.

"सर," सहना म्हणाली, "सरियाकत्तैत्री."

आमच्या भागात सरकण्याबद्दल
जपून बोलावं लागतं. माणसं खुर्च्या सोडून उठतात.
ती फक्त फ्रिक्वेन्सीबद्दल बोलत होती,
आणि मला ऐकू आला आदगोंडा.

सदलग्याचा आदगोंडा, किराणा दुकानाच्या माळ्यावरून
रोज रात्री साडेनवाला.
पहिल्याच रात्री ठोकलं त्यानं:
सरकतोयस बघ की रे.
सेट तापतो, कॉइल फुगते, कळत होतं मलाही.
रविवारी दुरुस्त करतो, म्हणालो.
असे पंधराशे रविवार गेले.
तो उपाय सांगायचा: मेण ओत, मडक्यात ठेव,
नाहीतर आण इकडं, दूधगंगेच्या वाळूत पुरू.
पुढं सांगायचं सोडलं,
आणि स्वतःचं बटण माझ्यामागं
केसभर, केसभर फिरवत राहिला.
मी नाव सांगायच्या आधीच उत्तर यायचं:
दुसरं कोण येतंय असं घसरत?

आमच्यात माणूस गेला की म्हणतात, कळ गप्प झाली.
त्याची झाली गेल्या आखाडात.
साडेनवाला मी अजून सेट लावतो.
खरखर असते. कधी लांबच्या विजेचा एक फटका.

सहना थर्मोकोलचा डबा घेऊन आली,
कुल्फीवाल्याकडनं मागून.
"ह्यात ठेवलं की सरळ उभारतंय, सर."
डबा चांगला होता. झाकण घट्ट बसत होतं.
राहू दे, म्हणालो.
का, ते तिनं विचारलं नाही,
किंवा विचारलं असेल, तेवढ्यात ड्रोनवाल्यांनी काहीतरी पाडलं.

कन्नडात सरि म्हणजे बरोबरसुद्धा.
सरकणं आणि बरोबर असणं एकाच शब्दात बसवलंय त्यांनी.
मी दोन मायक्रॉनसाठी जॉब परत पाठवणारा माणूस,
माझ्या तोंडी हे शोभत नाही.

नऊ एकोणतीस. शेड निम्मी रिकामी.
हाक दिली: सी क्यू, सी क्यू, आणि आपलं नाव.
रेघ कलू लागली.
उत्तर नाही.
सहनानं हेडफोन कानावर चढवला
आणि पडद्याकडे न बघता
बोटानं माउसचं चाक फिरवलं, एक खाच.
थोड्या वेळानं आणखी एक.