ताबा

सही झाली, पैसे पोचले,
आता घर तुमचं, बोंडेभाऊ.
या किल्ल्या. रिक्षात सामान चढेपर्यंत
खरेदीखतात नसलेलं थोडं सांगून घेतो.

दाराची कडी आधी वर उचलायची, मग ओढायची.
मागून मालगाडी गेली की भांडी वाजतात, घाबरू नका.
त्या भेगेच्या टोकाला पेन्सिलीची रेघ आहे, शेजारी तारीख.
एकोणीस वर्षांत भेग गव्हाच्या दाण्याएवढी पुढे गेली.
त्याहून जास्त गेली तर इंजिनिअर बोलवा,
पुट्टीवाला नाही.

मेनच्या डब्यातलं तिसरं बटण खोटं बोलतं.
लिहिलंय स्वयंपाकघर, जातं न्हाणीघरात.
बदलीन बदलीन म्हणत राहिलो.
तुम्ही बदला.

गॅसच्या नळीवर साल छापलेलं असतं.
पत्रिकेवरचा मुहूर्त चष्मा लावून वाचतो आपण,
हे वाचत नाही.

गच्चीच्या कठड्यात दर वर्षी पिंपळ उगवतो,
दोन पानांचा, गोड दिसतो.
पाप लागेल म्हणून ठेवाल तर कठडा जाईल.
मुळासकट काढा, नदीकाठी लावा,
वाटलं तर नमस्कार करा.

मधल्या खोलीत छताला कडं आहे.
आखाजीला पोरींसाठी झोका बांधाल,
तर आधी स्वतः लटका.
किती वजन तुमचं?
...बरं. बेतानं लटका.

भरताची वांगी परसात खुशाल भाजा,
फक्त वरून खांबाची वायर गेलीय, तिच्याखाली नको,
आणि पऱ्हाटीचा ढीग भिंतीला टेकवू नका.
विंचू राहायला येतात.
घर त्यांनाही लागतं,
पण त्यांचं त्यांनी बघावं.

मागच्या दाराची किल्ली कुलपाशेजारच्या खिळ्यालाच राहू द्या,
पोराचा हात पोचेल इतक्या खाली.
धुरात कोणी कपाट धुंडाळत बसत नाही.

आता कूलर.

भंगारातला पत्रा आणून मी स्वतः बनवलाय.
भुसावळचा मे सत्तेचाळीसवर गेला की
इथं दुसरा देव नाही.
पाणी भरताना बटण बंद, पिन बाहेर, पायात चप्पल.
नुसतं बटण पुरत नाही, भो.
नुसतं बटण पुरत नाही.

छत्तीस वर्षं लोको शेडात
दुसऱ्यांच्या इंजिनांचं अर्थिंग तपासलं.
घरचं राहिलं.
खड्डा कोरडाठाक पडला होता आणि मला माहीत नव्हतं.
कोकिळानं ओल्या हातानं पत्र्याला हात लावला
आणि पत्र्यानं तो सोडला नाही.
शेजारचा सुपडू लाकडी पाट घेऊन धावला,
हातावर हाणला, तेव्हा सुटली.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
तेव्हापासून गरम-गार ओळखत नाहीत.
त्याच बोटांनी ती तव्यावरची भाकरी उलटते,
म्हणते, बघा, फायदाच झाला.
ती हसते. मला अजून जमलेलं नाही.

त्यानंतर ते करंट तोडणारं बटण बसवलं.
महिन्यातून एकदा चाचणीची कळ दाबायची,
घर अंधारलं पाहिजे.
अंधारलं नाही तर भ्यायचं.

आणि न्हाणीघरामागे सैल फरशी आहे, ती उचला,
पाइपाचं तोंड दिसेल.
होळी झाली की दर वर्षी तिथं—

"अहो, त्यायले मिठाचं सांगतलं का?"

रिक्षातून. मांडीवर कुकर, त्यावर तो हात.

सांगतोच आहे.
मूठभर जाडं मीठ, दोन बादल्या पाणी.
एकदम नाही ओतायचं. थोडं, मग थोडं.
जमीन पिते ते ऐकू येतं, कान लावा.
फोन वाजेल, कोणी दारात येईल, येऊ द्या.
बुडबुड थांबेपर्यंत
तिथून उठायचं नाही.