रकाना नऊ

खडकमाळ आळीत, तहसील कचेरीच्या भिंतीला पाठ लावून
मी बसतो. पत्र्याचं टेबल, दोन खुर्च्या,
त्यातली एक येणाऱ्याची.
टाइपरायटर विकला तेव्हापासून बोटं मोकळी असतात.
अर्जाचे चाळीस रुपये. नसतील तर वीस.
तेही नसतील, तर आधी चहा,
आणि चहाचे पैसे मीच देतो, ही पुणेकरांना न शोभणारी खोड.

मंगळवारी शेवंता कुचेकर आली.
मार्केट यार्डात लसूण निवडते.
टेकण्याआधी तिनं पदरानं खुर्ची पुसली,
उठतानाही पुसणार, हे मला तेव्हाच कळलं.
पिशवीत केशरी रेशनकार्ड, दिराच्या नावाचं लाइट बिल,
आणि आधारवरचा फोटो, ज्यात ती
स्वतःचीच थोरली बहीण दिसते.

निराधार योजना, म्हणाली.

वर्षाचं उत्पन्न?
तिनं बोटांच्या पेरांवर धरलं. दिवसाचे अडीचशे,
यार्ड बंद असतो तो वार वजा,
कंबर धरते ते दिवस वजा.
"दिवाळीला आडत्यानं साडी दिली, ती धरायची?"
साडी नाही धरायची.
"आणि खाली सांडलेला लसूण घरी नेते तो?"

मी पेन ठेवलं.
बाई, एकवीस हजारांच्या आत बसायचंय.
तिनं पाय आत ओढून घेतले,
जणू मी खुर्चीबद्दलच बोलत होतो.

"म्हणजे मी कमावत नाही असं लिहायचं?"
कमी कमावता, असं.
"पण मी तर राबते."
कमी लिहा म्हणून भांडणारे रोज येतात.
ही पहिलीच.

मग रकाना नऊ.
विधवा. घटस्फोटित. परित्यक्ता. एकावर खूण.
विधवेला मृत्यूचा दाखला,
घटस्फोटितेला कोर्टाचा कागद,
परित्यक्तेला पंचनामा, आणि दोन शेजारी
नवऱ्यानं टाकलेलं पाहिलेले.
जणू टाकणं चौकात होतं आणि बघे जमतात.

नवरा सुताराच्या हाताखाली होता.
बारा वर्षांपूर्वी स्वारगेटला गाडीत बसला,
इंदापूरकडच्या कुठल्याशा शाळेचे बाक करायला,
काखेत करवत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"टाकलं नाही हो त्यांनी," ती म्हणाली.
"यायचे राहिलेत."

या कचेरीचे सगळे नमुने मला पाठ आहेत.
प्रतिज्ञापत्र, स्वयंघोषणा, हयातीचा दाखला,
जिवंत माणसानं दरवर्षी जिवंत असल्याचा.
यायचे राहिलेत, याला रकाना नाही.

झेरॉक्सवाला भूषण म्हणाला, काका, परित्यक्ता टाका,
लाइन तटलीय.
मी टाकली. पेन्सिलीनं, हलकी.
"पेन्सिल चालते?"
चालत नाही. घरी न्या. पेनानं तुम्ही करा.

शुक्रवारी आली. घडीवर घडी घातलेला अर्ज.
खूण पेनानं केलेली, इतकी दाबून
की मागच्या पानावर उमटली होती,
पुत्राचे नाव, असल्यास, च्या जागी.

आत यंत्रानं अंगठा घेतला नाही.
उजवा, डावा, पुन्हा उजवा.
पाकळ्या सोलून सोलून रेषा गेलेल्या.
साहेब म्हणाले, ओलं फडकं आणा, हात पुसा.
ती म्हणाली, वास जाईल, रेषा कुठून आणू?
सोमवारी बोलावलंय.

जाताना चाळीस मोजून दिले, मी वीस मागितले होते.
वर मूठभर लसूण, सांडलेला असावा.
खुर्ची पुसली.
मग, तोंड रस्त्याकडे करून:
"पंधराशे सुरू झाले, आणि हे आले,
तर सगळे परत करावे लागतात का?"

नियम कुठल्या पानावर आहे, मला माहीत आहे.
नाही लागत, म्हणालो.
पान काही उघडलं नाही.

ड्रॉवर आता लसणाचा वास मारतो.
त्यात इतरांचेही अर्ज आहेत.