घट

डाळ मिलमध्ये मी काट्यावर असतो.
शंभर किलो तूर आत जाते,
सत्तर-पंचाहत्तर डाळ बाहेर येते,
बाकी चुनी, फोलपट, घट.
घटीचा हिशेब मला तोंडपाठ.
म्हणून तर जास्त लाज वाटते.

कंपनीच्या नावातच 'मुक्ती' होती.
म्हणाले, बँकांचे हप्ते थांबवा,
महिन्याला आठ हजार आमच्याकडे टाका,
तिन्ही कार्डं निम्म्यात मिटवून देऊ.
आधी फोनवर तन्वी मॅडम होत्या,
मग कुणी रेहान सर,
आता नऊ दाबा, दोन दाबा,
आणि सनई.

चौदा महिने.
वसुलीवाले मेहुण्याला फोन करतात,
बायकोच्या शाळेत करतात.
जानेवारीत असोद्याला भरीत होतं,
काट्यांच्या जाळावर वांगी तडतडत होती,
खिशात फोन थरथरला
आणि मी डोळ्यांत धूर गेल्यासारखं केलं.
सगळ्यांनीच मला बाजूला बसवलं, पाणी दिलं.

काल हिशेबाचा कागद आला.
जमा : एक लाख बारा हजार.
नोंदणी, सेवाशुल्क, कायदेशीर सल्ला वजा जाता
शिल्लक एकोणीस हजार चारशे.
बँकांशी बोलणी : प्रलंबित.

प्रमिलाने कागद दोनदा वाचला.
एरवी ती शाळेतलं शुद्ध बोलते,
चिडली की माहेरचं :
"मंग पैसा कोठे गया?"

घट, मी म्हणालो.

ती हसली नाही.
मिलच्या दारात संध्याकाळी
चुनीची पोती न्यायला गवळी येतो.
त्याच्या म्हशी तरी धष्टपुष्ट आहेत.

उद्याच्या रजेचा अर्ज लिहिलाय.
बँकेत मीच जाणार.
कारणाची ओळ अजून कोरी आहे.