गाभा

शाळेच्या व्यायामशाळेत मीटिंग.
जानेवारी, दुपारी दोनलाच अंधार,
दाराशी वितळलेल्या बर्फाचं, बुटांचं तळं.
कंपनीने कॉफी ठेवली होती, आणि तिच्यात बुडवायचं
आमच्याकडचं चीजही,
कुणाला तरी विचारून आणलेलं.
जरा जाड कापलं होतं, एवढंच.

टेबलभर नकाशा.
लाल टिकली: पवित्र जागा. निळी: थडगी. पिवळी: चराई.
"जिथे जिथे असेल तिथे लावा," बाई म्हणाली, मनापासून.
वाईट नव्हती ती.
सामी भाषेतले चार शब्द शिकून आली होती
आणि चारही नीट उच्चारत होती.

माग्गा मावशी टिकल्यांचा कागद धरून बसून राहिली.
शेजारी मी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.
आठ महिन्यांचा पगार घेतलाय:
खडकाचे गाभे पेटीत रचायचे,
खोली लिहायची, फोटो काढायचा.
एकशे बारा मीटर. एकशे तेरा.
मनगटाएवढे जाड, ओले केले की हिरवट.

"ती टेकडी लाल का निळी?" मावशीने मलाच विचारलं.
तिथल्या दगडाला तिचे आजोबा माशाची चरबी चोळत,
तिथेच तिच्या भावाला पुरलं, नाव ठेवायच्या आधी,
आणि मे महिन्यात गाभण रेनडियर तिथेच येतात,
वाऱ्याकडे पाठ करून.
एवढ्याशा जागेवर तीन टिकल्या
मावत नव्हत्या.

गेल्या वसंतात यंत्र सुरू झालं
तेव्हा सात माद्या गाभडल्या.
त्या दिवसाच्या वहीत माझंच अक्षर आहे:
हवा स्वच्छ. गाभा उत्तम.

मावशी उठली. नकाशाकडे नाही,
दाखवायला आणलेल्या पेटीकडे.
एक तुकडा दोन्ही हातांनी उचलला, हुंगला.
"हा कुठला?"
मी आकडा सांगितला.
"आकडा नको. कुठला?"
मी टेकडीचं नाव घेतलं. जुनं,
वहीत नसलेलं.

"मग परत ठेवून ये. भोक आहेच ना तिथे."

बाईने माझ्याकडे पाहिलं.
दुभाषाही मीच.
भोकात आम्ही सिमेंट ओततो, त्याच संध्याकाळी, तसा नियम आहे,
हे दोन्ही भाषांत येत होतं मला.
एकीतही बोलवेना.

इतिवृत्तात आलं: सहभाग चांगला. टिकल्या शून्य.
तुकडा मावशीच्या कोटात गेला, कुणी अडवलं नाही.
सकाळी पेटीत एकशे तेराच्या पुढे
वीतभर जागा मोकळी.
मी खोली लिहिली.
फोटो काढला.