जांभ्याची घनता

इयत्ता नववी, गणित तिसरे:
एका दगडाचे वस्तुमान अमुक ग्रॅम,
आकारमान तमुक घनसेंटिमीटर, तर घनता काढा.
दगड कुठल्या गावचा, हे पुस्तक सांगत नाही.
गुळगुळीत असावा. त्याला भोकं नसावीत.

आमची शाळा गिर्याच्या सड्यावर.
खाली समुद्र, वर पवनचक्क्यांची पाती,
मध्ये नुसता कातळ.
हेमांगी घाडीनं दप्तरातून जांभ्याचा तुकडा काढला,
चिरेखाणीत उडालेली कपची, मुठीत न मावणारी,
बाकावर ठेवताच तांबडी भुकटी सांडली.

काट्यावर तीनशे बारा ग्रॅम.
लोणच्याच्या बरणीला आम्ही कागदाची पट्टी चिकटवली होती,
दोन-दोन मिलीच्या रेघा मारून.
पाणी पाचशेवर. दगड सोडला. सहाशे साठ.
म्हणजे आकारमान एकशे साठ,
भागाकार मुलांनी केला: एक पूर्णांक पंच्याण्णव.
मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मागच्या बाकावरून:
"बाई, ह्यो पाणी पिता."

खरंच पीत होता.
बारीक बुडबुडे, एकेका भोकातून,
भात शिजताना येतात तसे.
सहाशे छप्पन्न. सहाशे पन्नास.
घंटा झाली. बरणीवर कुणाची तरी वही झाकली
आणि घरी गेलो.

सकाळी पाणी सहाशे चोवीसवर.

दगड तोच, बरणी तीच,
मीही तीच, बी.एस्सी. बी.एड., हातात खडू,
आणि घनता रात्रीत अडीचच्या वर गेलेली.
म्हटलं, कालचं उत्तर भोकांसकट,
आजचं भोकं सोडून. दोन्ही बरोबर.
वर्ग गप्प.
दोन बरोबर उत्तरं मुलांना फसवणूक वाटते,
एकाच मार्काला तर जास्तच.

हेमांगीनं दगड काढला, निथळला, परत तोलला.
तीनशे अठ्ठेचाळीस.
मग वही उलटी करून, मागच्या पानावर,
तिनं स्वतःचं गणित मांडलं:

चिरा चौदा बाय नऊ बाय सात इंच.
कोरडा अठ्ठावीस किलो.
भिजलेला, सव्वातीन किलो जास्त.
ट्रकात चारशे, भरणारी माणसं चार,
आईच्या वाट्याला शंभर.
भादव्यात रचलेले ढीग भिजलेलेच असतात.
सव्वातीनशे किलो नुसतं पाणी.
मजुरी नगावर.

खाली एकच ओळ:
पैसे आकारमानाचे, डोक्यावर वस्तुमान,
पाणी कुठल्या रकान्यात लिहायचं?

मी म्हणाले, परीक्षेत दगड कोरडाच येतो.
म्हणाले आणि फळा पुसत राहिले,
पुसून झालेला.

शनिवारी पालकसभा. शेवंती घाडी उशिरा आली,
चुंबळ अजून काखेत.
मुलीचे मार्क विचारले नाहीत.
खिडकीतली बरणी बघितली,
कोपरापर्यंत हात घालून दगड वर काढला,
तळहातावर एकदा उडवल्यासारखा केला:
"साडेतीनशे. इल्ला कमीच असात."

आणि जिथला तिथे ठेवला,
पाणी सांडू न देता.