पंचविसांपैकी

दहापैकी मार्क द्या, म्हटलं मी.
राजव्वा बिंगी म्हणाली, कट्टा पंचविसाचा असतो.
म्हणून माझ्या प्रबंधातली ही मोजपट्टी
विडीवर बेतलेली आहे.
समितीने विचारलं, याला आधार काय?
मी लिहिलं : स्थानिक.

अकरा वर्षं ती परीक्षेला येते,
मार्च संपताना, पत्रे कडकड वाजायला लागले की.
सिव्हिलमधून फोन जातो. ती सूप बाजूला सारते,
तंबाखूचे हात दोनदा धुते.
बुडालेल्या मजुरीचे तीनशे, रिक्षाचे वेगळे.
खाट नंबर चार. लाँग केस.
लहानपणीचा एक ताप तिच्या डाव्या झडपेत अडकून राहिलाय,
शेजारच्या घरात जातं फिरावं
तसा ऐकू येतो.
"असा मर्मर हल्ली मिळत नाही," बाहेरगावचे परीक्षक म्हणतात,
जुन्या तांदळाबद्दल बोलावं तसं.
एवढ्या कानांनी ऐकला तो.
इकोची तारीख मात्र पुढच्या महिन्यातली,
दर महिन्याला.

माझा प्रश्न साधा होता :
परीक्षक ज्याला चांगला म्हणतात
त्याला खाटेवरचं माणूस चांगला म्हणतं का?
चाळीस विद्यार्थी, दोन रकाने.

तिला छाट ठाऊक आहे.
कारखान्यात चेकर हजारातल्या साठ विड्या
बोटाने उडवतो, कारण सांगत नाही.
वळणारी बोटं तिची, छाट त्याची.
म्हणून असेल, ती प्रत्येक मार्काचं कारण द्यायची,
मी विचारलं नसलं तरी.

नऊ नंबर, सहा. पदर मलाच सावरावा लागला.
बारा नंबर, एकवीस. ती गार चकती आधी स्वतःच्या तळहातावर घासली.
तेवीस नंबर "नोस्तुंदा?" म्हणाला, भलत्याच जागी दाबून,
पण म्हणाला. अठरा.
एकतीस नंबर, आमची सुवर्णपदकवाली :
सगळं बरोबर सांगितलं म्हणे. कुणाला?
सरांना. मग मार्क सरांनाच विचारा.

आकडे आले. सहसंबंध शून्य पूर्णांक शून्य नऊ.
म्हणजे एकाच खाटेशी उभे राहिलेले दोन रकाने
एकमेकांना ओळखत नाहीत.
मार्गदर्शक चष्मा पुसत म्हणाले, नमुना फार लहान आहे.
आहेच. एक बाई.

आणि सतरा नंबरचा चौकोन रिकामा.

तो विचारायला मी विडी घरकुलात गेले,
दुपारी, चप्पल डांबराला चिकटत होती.
"सतरा नव्हं, इरफान. वैरागचा," ती म्हणाली, पान कातरता कातरता.
"घामाघूम झालं होतं पोर. मला काहीच ऐकू येईना मावशी, म्हणाला.
मग मीच डाव्या कुशीला वळले,
श्वास सोडून धरला,
त्याचा हात धरून चकती ठेवली, तुम्ही सगळे ठेवता तिथं.
तोंड बघायला पाहिजे होतं त्याचं."

परीक्षकांनी त्याला शंभरात शहात्तर दिलेत, मी म्हटलं.
"मग? ते मार्क माझे हैत, बाई.
माझं मीच कसं लावू?
चेकर कधी आपल्या हातानं विडी वळतो का?"

तिने कट्ट्याला दोरा गुंडाळला, दाताने तोडला.
मी चहा प्यायले. एक प्रश्न होता, विचारला नाही.
नऊ वर्षांपूर्वी, याच खाटेपाशी,
मला पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं,
स्वच्छ, जातं फिरावं तसं.
मी घरी फोन करून सांगितलं होतं, कान चांगले आहेत माझे.
तेव्हा ती कोणत्या कुशीवर होती,
आठवायचा प्रयत्न करते आहे.

सॉफ्टवेअर विचारतंय, सतरावी ओळ गाळू,
की सरासरी भरू?
रात्रीचे दीड वाजलेत, कूलरमधलं पाणी संपलंय.
तिसरा पर्याय ते देत नाही.