भाररेषा

ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की मी पेन ठेवते.
एकवीस वर्षं हेच केलं
लोटलीच्या खाली, जुवारीच्या काठावर,
जिथं पत्र्याच्या शेडमध्ये बार्जी जन्मतात
आणि डब्यातल्या हुमणालाही लोखंडाची चव येते.

यंदा पणजीच्या ऑफिसातून फाईल आली:
शाश्वतता अहवाल, पाने बत्तीस, रंगीत.
मुखपृष्ठ आधीच तयार,
कांदळवन, त्यावर एक बगळा.
निरखून पाहिलं. आमचं नव्हे ते.
आमच्या कांदळवनात फाटकी ताडपत्री अडकलीय
आणि बगळे बसतात ते भंगाराच्या ढिगावर.

आत रिकामा चौकोन: वाढीचा दर.
त्याखाली दुसरा: ही वाढ टिकेल कशी, थोडक्यात लिहा.
थोडक्यात!

मी खाली धक्क्यावर गेले.
सांतान नव्या बार्जीच्या कुशीवर वर्तुळ रंगवत होता,
वर्तुळातून आडवी रेघ.
पाणी इथपर्यंत. याच्या वर नाही.
'दोन बोटं वर घेतली तर?'
तो हसला नाही.
'घेतात, बाय. रंगाक कितें, तो खंयूय बसता.
उदकाक रेघ दिसना.'
'आणि रिकामीच ठेवली तर?'
रिकामी तर जास्तच डुलते, म्हणाला,
वारा तिला नेऊन बांधावर आपटतो.
पोटात थोडं वजें जायच.

मला ते वर्ष आठवलं.
नदी तांबडी होती आणि बँकेचे लोक पेढे घेऊन यायचे.
एकोणीस बार्जींची ऑर्डर टेबलावर.
मुकुंद पात्रांव तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी विचारलं,
'हात थरथरत नाही असे वेल्डर किती आपल्याकडे?'
मोजून सांगितलं, चौदा.
'मग सात बार्जी.'
एवढंच.
उरलेल्या बारा पलीकडच्या यार्डात गेल्या,
तिथं भोंगा रात्रीही वाजू लागला,
आमची चार पोरं दुप्पट पगारावर तिकडे गेली.
अर्ज मीही लिहिला होता, खोटं कशाला सांगू.
दिला नाही, कारण त्याच आठवड्यात मुलाला कांजिण्या आल्या.

मग खाणी थांबल्या.
पलीकडच्या क्रेनवर आता घोसाळ्याचा वेल आहे.
छान फुलतो.
आमचे पगार उशिरा झाले,
चवथ अर्ध्या बोनसची,
फेरीबोटींचे तळ खरवडत तीन वर्षं काढली,
पण हजेरीच्या फळीवरून
एकही कार्ड काढावं लागलं नाही.

आता धाकटे पात्रांव पडद्यावर बाण दाखवतात, वर जाणारा.
मागचं खाजन भरून घेऊ, तीन गोद्या बांधू.
त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही:
साचल्या पाण्याला शेवाळ धरतं,
वेल्डरांची पोरं बंगळूरच्या गाडीत बसतात.
मी मान हलवते
आणि मला त्या खाजनाच्या मानशीचं दार दिसतं,
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं.
येईल ते पाणी आत घेणारं शेत मिठाचं होतं,
कायम मिटून बसलेलं स्वतःच्याच पाण्यात कुजतं.
हे कुठल्या चौकोनात बसवू?

रात्री फाईल उघडली. बगळा काढला.
तिथं मोबाईलवरचा फोटो लावला:
तांबड्या रंगावर पांढरी रेघ, ओली,
तिच्याखाली एक ओघळ,
कोपऱ्यात सांतानचा अंगठा.
वाढीच्या चौकोनात लिहिलं,
गोदी एक. खाजन सोडून.
वेल्डर नऊ, शिकवायला दोन वर्षं.

सकाळी उत्तर आलं:
'फोटोत हिरवं काहीच नाही.'

खरंय.
रेघ एव्हाना वाळली होती.
अकराच्या भरतीला बार्ज पाण्यात उतरायची होती,
कोणीतरी नारळ शोधत होतं.
मी उत्तर तसंच ठेवलं
आणि पाणी कुठवर चढतं ते पाहायला खाली गेले.